चिंचोक्याची खळ कुणी लिहून ठेवली?

आज आपण चिंचोक्याबद्दल बोलणार आहोत. हसू नका. “पैसे म्हणजे काय चिंचोके आहेत?” असं आपण म्हणतो, इतकी त्याची किंमत आपण कमी करून ठेवली आहे. पण या चिंचोक्याला मोठा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा आपल्यासारख्या बायकांच्या हातांचा आहे. फक्त तो आपल्या नावावर लागलेला नाही. का लागला नाही, तेच आज बघू.

सुरुवात घोंगडीपासून करते. माण, खटाव, सांगोला, जत या कमी पावसाच्या पट्ट्यात धनगरांची मेंढरं आणि त्या लोकरीची घोंगडी हे जुनं नातं आहे. मेंढरं कातरायची, लोकर पिंजायची आणि बायकांनी ती हातानं कातायची. मग सूत सनगराकडे जायचं. हे लोकरीचं सूत फार केसाळ असतं. ते तसंच मागावर चढवलं तर केस एकमेकांत गुंततात आणि धागा तटातट तुटतो. म्हणून ताणा उघड्यावर, दोन टोकांना खुंट्या ठोकून लांब पसरायचा आणि त्यावर मोठ्या कुंच्यानं चिंचोक्याची खळ मारायची. खळ वाळली की केस खाली बसतात, धागा ताठ होतो, मग विणकर बसतो. खळ नसेल तर घोंगडीच नाही, असं म्हटलं तरी चालेल.

आता ही खळ कशी करतात? चिंच फोडून झाली की चिंचोके बाजूला पडतात. ते गरम वाळूत किंवा तव्यावर भाजायचे म्हणजे वरचं तांबडं टरफल तडकतं. जात्यात भरडून किंवा कांडून ते टरफल काढून टाकायचं. काही ठिकाणी भाजत नाहीत, भिजवून सोलतात. आतली पांढरी डाळ रात्रभर पाण्यात भिजत घालायची, सकाळी पाट्यावर मऊ वाटायची आणि भरपूर पाण्यात मंद आचेवर घोटत शिजवायची. आधी ती पिठल्यासारखी रटरटते, मग चकाकी येते आणि पळीवरून तार पडायला लागते. तार पडली की झाली. ही तार केवढी पडायला हवी, हे ज्यांना कळतं त्यांना कळतं. ते कुठल्या पुस्तकात सापडत नाही, आणि आजचं माझं बोलणं जास्त करून त्याच्याबद्दलच आहे.

खळ दिसायला कांजीसारखी दिसते, पण ती कांजी नव्हे. तांदळाची पेज किंवा गव्हाचा चीक घट्ट होतो तो पिठातल्या स्टार्चमुळे. चिंचोक्यात स्टार्च जवळजवळ नाही. त्यातला डिंकासारखा पदार्थ वेगळा आहे, शास्त्रज्ञ त्याला झायलोग्लुकन म्हणतात. आपल्याला त्या नावाशी काय करायचंय? पण एक लक्षात ठेवण्यासारखं आहे: मेथी भिजवल्यावर जो बुळबुळीतपणा येतो तोही असाच डिंक आहे, गवारीच्या बियांतही तसाच आहे. म्हणजे कुठलं बी चिकटतं हे आपल्या आज्ज्यांनी बोटांनी ओळखलं होतं.

मेथीवरून टोपली आठवली. मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात आजही कुणाकुणाच्या घरी माळ्यावर कागदाच्या लगद्याची जुनी टोपली निघेल. रद्दी कागद, पोरांच्या जुन्या वह्या पाण्यात तीन-चार दिवस भिजत ठेवायच्या. भिजून गळाल्या की उखळात कुटायच्या. मेथीदाणे वेगळे भिजवून, वाटून त्यात मिसळायचे आणि कणकेसारखा गोळा मळायचा. मग एखादी घागर किंवा पाटी उपडी ठेवून तिच्यावर तो लगदा हाताच्या तळव्यानं थापत जायचा, सगळीकडून सारखा. उन्हात वाळला की सुटून येतो. त्यात भाकरी ठेवा, पीठ ठेवा, धान्य पाखडून ठेवा. मेथीच्या कडूपणामुळे कीड लांब राहते असं बाया सांगतात. टोपली पार झिजली की उकिरड्यात गेली, आणि पावसाळा सरेपर्यंत तिचं खत झालेलं असायचं. कुणी त्याला पर्यावरणपूरक म्हटलं नाही. रद्दी होती, मेथी होती, उन्हाळ्यात हात रिकामे होते, म्हणून टोपली झाली.

आणि कुरडई? कुरडईचा गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून आपण तो शिजवतो. साबुदाण्याच्या पापड्या प्लास्टिकच्या कागदावर पातळ घालतो. वाळल्या की उजेडाला धरून पाहा, आरपार दिसतं. आज शहरात डिझाइन शिकणाऱ्या मुली पातेल्यात मक्याचं पीठ, पाणी, थोडं व्हिनेगर आणि ग्लिसरीन शिजवून, ते ताटलीत पसरून, वाळवून ‘बायोप्लास्टिक’ करतात, ती ही साबुदाण्याची पापडीच आहे. फरक ग्लिसरीनचा. नुसती पापडी वाळली की कडक होते, मोडते. ग्लिसरीन घातलं की ती वाकते, मऊ राहते. जास्त घातलं तर चिकट राहते आणि दमट हवेत पाणी सुटतं. हे सगळं शिकायला त्या मुलींना चार-सहा खेपा लागतात. ज्या बाईनं पन्नास उन्हाळे चीक घोटलाय तिला पहिल्याच खेपेला आच किती हवी ते कळेल.

मग प्रश्न असा, की हे ज्ञान इतकं आपल्या हातात असताना त्याच्या इतिहासात आपण दिसत कशा नाही?

इंग्रजांच्या काळात जॉर्ज वॉट नावाच्या साहेबानं हिंदुस्थानातल्या कामाला येणाऱ्या झाडापाल्याचा एक प्रचंड कोश केला. १८८९ ते १८९३ या काळात त्याचे सहा खंड निघाले. त्यात चिंच आहे, लाख आहे, पळस आहे, हिरडा आहे. कुठल्या जिल्ह्यात काय वापरतात हे कळवणाऱ्या डॉक्टर-साहेबांची नावंसुद्धा आहेत. खळ शिजवणारीचं नाव मात्र शोधून सापडायचं नाही. साहेबानं विचारलं असेल अधिकाऱ्याला, त्यानं विचारलं असेल पाटलाला, पाटलानं विणकराला. विणकराची बायको तेव्हा चुलीपाशी पळी हलवत असणार. तिच्यापर्यंत प्रश्न पोचलाच नाही.

पुढचा टप्पा आला दुसऱ्या महायुद्धात. कापड गिरण्यांनाही सुताला कांजी द्यावी लागते, घोंगडीच्या ताण्यासारखीच. ती धान्याच्या स्टार्चची असे. युद्धात तो स्टार्च मिळेनासा झाला. पर्याय शोधता शोधता गिरण्यांची नजर चिंचोक्यावर गेली आणि १९४३ च्या सुमारास चिंचोक्याची पूड कारखान्यात मोठ्या प्रमाणावर तयार व्हायला लागली. त्याच साली बंगालात दुष्काळानं लाखो माणसं मेली. धान्य माणसाच्या तोंडी पडेना तिथं सुताला कुठून घालणार? सनगरवाड्यात पिढ्यान् पिढ्या शिजणारी खळ अशी एकदम ‘नवा औद्योगिक पदार्थ’ झाली. पुढे जपानमध्ये १९६० च्या दशकात चिंचोक्याचा डिंक शुद्ध करून सॉस आणि आइस्क्रीम घट्ट करायला वापरू लागले. आता तो डोळ्यांच्या थेंबांतही घालतात. चिंचोका जगभर फिरला, आणि आपल्याकडे मात्र तो अजून “पैसे काय चिंचोके आहेत?” मध्येच अडकलेला आहे.

लिहून ठेवलं नाही तर काय होतं, याचं एक उदाहरण आपल्या कोकणातलंच आहे. सावंतवाडीची गंजिफा ऐकली असेल. गोल पत्ते, हातानं रंगवलेले. दशावतारी गंजिफात एकशेवीस पत्ते असतात, दहा अवतारांचे बारा-बारा. हा पत्ता म्हणजे कापड किंवा कागद, त्यावर चिंचोक्याच्या खळीचे आणि खडूच्या भुकटीचे थर, ते दगडानं घासून गुळगुळीत करायचे, मग रंग, मग लाखेचा लेप. सगळं झाडाचं, मातीचं, किड्याचं. छापील पत्ते आले आणि गंजिफा मागे पडली. विसाव्या शतकाच्या मध्याला अशी वेळ आली की हे काम पुरतं जाणणारा एखादा म्हातारा चितारीच उरला. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी त्याच्याकडून ते स्वतः शिकून घेतलं आणि राजवाड्यात पुन्हा कारागीर बसवले. सत्वशीलादेवी स्वतः पत्ते रंगवायच्या. २०१८ साली त्या गेल्या, तोवर ही कला तगली होती. पण विचार करा, केवढी थोडक्यात वाचली. तो चितारी चार वर्षं आधी गेला असता तर? काचेच्या कपाटात पत्ते राहिले असते. खळीत खडू किती, हे कुणाला सांगता आलं नसतं. आणि प्रत्येक कलेला राजवाडा भेटत नाही. मेथीच्या टोपलीला तर नक्कीच नाही.

आता जरा लांब, जर्मनीत जाऊ, कारण तिथं उलटी गोष्ट घडली. आणि ती दुधाची आहे, म्हणून डेअरीला दूध घालणाऱ्या तायांनी नीट ऐका. १८९० च्या दशकात हॅनोव्हर शहरात विल्हेल्म क्रिशे नावाच्या छापखानेवाल्याला शाळांसाठी पाटीसारखे पण पांढरे, धुता येणारे फळे करायचे होते. त्यानं अडॉल्फ स्पिटेलर या रसायन जाणणाऱ्या माणसाला हाताशी धरलं. दूध नासवून निघालेला चोथा, म्हणजे आपलं पनीर म्हणा, दाबून वाळवला आणि फॉर्मालिनमध्ये मुरवला तर तो शिंगासारखा कडक आणि चकचकीत होतो, हे त्यांना सापडलं. ग्रीक भाषेतले दूध आणि दगड हे दोन शब्द जोडून त्याला गॅलालिथ असं नाव मिळालं. आपण ‘दूधदगड’ म्हणू. शाळेचे फळे काही नीट झाले नाहीत, पण बटणं, कंगवे, बांगड्या, फाउंटन पेनांच्या नळ्या असं काय काय त्यातून झालं. युरोपातल्या लाखो बायकांच्या झग्यांची बटणं दुधाची होती. पुढे तेलापासूनचं स्वस्त प्लास्टिक आलं आणि दूधदगड मागे पडला.

दूध नासतं आणि चोथा वाळला की दगड होतो, हे काय जर्मनीतच कळत होतं? कुठल्याही घरात विसरलेल्या पनीरचा तुकडा कोपऱ्यात सापडला असेल तर तुम्ही तो पाहिला आहे. क्रिशे आणि स्पिटेलरनं फॉर्मालिनची भर घातली, ती नवी होती, ते श्रेय त्यांचंच. पण त्यांनी आणखी एक केलं: किती, कशात, किती दिवस, हे कागदावर लिहिलं आणि पेटंट घेतलं. म्हणून आज सव्वाशे वर्षांनी मी त्यांची नावं घेऊ शकते.

घरी करून बघायचं असेल तर फॉर्मालिनच्या वाटेला जाऊ नका, ते विष आहे. एक कप गरम दुधात चार चहाचे चमचे व्हिनेगर घाला, चोथा गाळून कापडात घट्ट पिळा, मळून बटणाचा किंवा मण्याचा आकार द्या, सुईनं भोक पाडा आणि सावलीत दोन-तीन दिवस वाळवा. चांगलं दूध मुळीच वाया घालवू नका, नासलेलं वापरा. हा मणी पाण्यात ठेवला तर फुगतो, तेव्हा धुवायच्या कपड्याला लावू नका. राखीला, तोरणाला, पिशवीच्या बंदाला चालतो.

प्लास्टिक आपल्याकडे कसं पसरलं ते सांगायला नको, आपण सगळ्यांनी पाहिलं. पत्रावळ गेली, थर्माकोल आला. द्रोण उरला, पण त्याला आतून चकचकीत अस्तर लागलं. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली तेव्हा तुंबलेल्या गटारांत पिशव्याच पिशव्या निघाल्या. २०१८ मध्ये महाराष्ट्रानं प्लास्टिकबंदी आणली. तेव्हापासून बाजारात ‘कुजणारं’ म्हणून काहीही विकलं जातं. यात मला एक खटकतं. पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ लिहिलेलं असतं, पण त्यातल्या पुष्कळ पिशव्या कुजायला कारखान्यातल्या खताच्या ढिगात असते तशी पन्नास-साठ अंशांची उष्णता आठवडेच्या आठवडे लागते. आपल्या उकिरड्यात ती मिळेलच असं नाही. मेथीच्या टोपलीला असली अट नाही. पण मेथीच्या टोपलीवर शिक्का नाही, चाचणीचा कागद नाही, म्हणून ती दुकानात नाही.

कागद किती महत्त्वाचा असतो ते हळदीनं आपल्याला दाखवलं. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याबद्दल पेटंट मिळालं. जखमेवर हळद! आपल्याकडे पोरगं पडलं की आई काय करते? आपल्या देशाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं त्याला आव्हान दिलं. तेव्हा तिचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर. पण तिथं “आमच्या आज्ज्या करतात” हे सांगून भागणार नव्हतं. लेखी पुरावा हवा होता, छापलेला. परिषदेनं बत्तीस संदर्भ गोळा केले, जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला एक लेखसुद्धा. तेव्हा कुठे १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं.

आपण जिंकलो, त्याचा अभिमान आहेच. पण जरा उलटून बघा. कोट्यवधी बायकांनी शेकडो वर्षं रोज केलेली गोष्ट पुरावा म्हणून मोजली गेली नाही, बत्तीस कागद मोजले गेले. हळदीचं नशीब चांगलं, तिच्यावर ग्रंथ होते. मेथीच्या टोपलीवर कुठला ग्रंथ आहे? उद्या कुणी मेथी आणि कागदाचा लगदा हा आपलाच शोध म्हणून घेऊन आलं, तर आपण काय दाखवणार? माळ्यावरची टोपली?

या प्रकरणानंतर, २००१ पासून आपल्या सरकारनं पारंपरिक ज्ञानाचं एक संगणकीय ग्रंथालय उभं करायला घेतलं. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतली औषधं परदेशी भाषांत मांडून ती पेटंट कार्यालयांना बघायला दिली. काम मोठं झालं. पण मुळात जे ग्रंथात होतं तेच तिकडे गेलं. जे चुलीपाशी होतं ते चुलीपाशीच राहिलं.

दुसरीकडे, करून लिहून ठेवायची एक पद्धत जगात रुजत होती आणि तिचं एक मूळ आपल्या पुणे जिल्ह्यात आहे, हे फार जणींना ठाऊक नसतं. शिरूर तालुक्यात पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या पोरापोरींनी हातानं काम करत विज्ञान शिकावं, असा त्यांचा ध्यास. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेनं ‘फॅब लॅब’ नावाच्या कार्यशाळा सुरू केल्या, तेव्हा अमेरिकेबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ मध्ये या पाबळला झाली. आज अशा कार्यशाळा जगभर आहेत आणि त्यांच्या अभ्यासक्रमाचा एक नियम मला फार आवडतो: वस्तू केली एवढ्यावर भागत नाही. ती कशी केली, कुठं फसली, दुसऱ्या खेपेला काय बदललं, हे फोटोंसकट लिहून सगळ्यांना वाचायला ठेवलं तरच काम पूर्ण झालं. बार्सिलोनासारख्या शहरांतल्या अशा कार्यशाळांमधून बायोप्लास्टिकच्या पाककृतींची पुस्तकं निघाली आहेत. ‘पाककृती’ हा शब्द तेच वापरतात. स्टार्च इतका, ग्लिसरीन इतकं, इतकी मिनिटं ढवळा. फोटोत चक्क पातेलं आणि शेगडी दिसते.

पाककृती लिहिण्याची आपली परंपरा काही कमी नाही. १९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं. महाराष्ट्रातल्या किती सुनांनी त्यावरून स्वयंपाक शिकला! त्याचं मोठं गुपित मला वाटतं मापात आहे. त्यांनी वाटी आणि चमचा धरला. कुणालाही घरात करता येईल असं माप. खळ, लगदा, दूधमणी यांची नोंदही तशीच व्हायला हवी. “अंदाजानं पाणी” असं लिहिलं की ज्ञान पुन्हा लिहिणारीच्या हातातच राहिलं. आज्जी म्हणते “थोडीशी मेथी”, तर आज्जीचं थोडीशी किती, ते तिनं मुठीत घेतल्यावर वाटीत ओतून मोजायचं. ती चिडेल. चिडू दे. दोनदा मोजा, कारण दुसऱ्यांदा तिची मूठ वेगळी भरते.

नोंद कशी असावी, याचा एक नमुना वाचून दाखवते. गटाच्या वहीत असं लिहा: चिंचोक्याची डाळ एक वाटी, टरफल काढून. पाणी भिजायला तीन वाट्या, रात्रभर. वाटून झाल्यावर आणखी पाणी किती घातलं. चूल की गॅस, आच कशी, किती वेळ घोटलं. तार कधी पडली. कशाला लावली, वाळायला किती वेळ लागला, त्या दिवशी ऊन होतं की ढग. दुसऱ्या दिवशी वास आला का, बुरशी आली का. जुने पुस्तकबांधणी करणारे खळीत मोरचूद घालत, बुरशी येऊ नये म्हणून. तुम्ही घालू नका, लहान मुलं असतात, आणि मोरचूद मातीलाही चांगला नाही. कुणी शिकवलं, तिचं पूर्ण नाव, गाव, आणि तिला कुणी शिकवलं. आणि फसलं तर तेही लिहा. फसलेली खेप ही सगळ्यात उपयोगी नोंद असते, कारण पुढची बाई तेच फसणं वाचवते. खालच्या बाजूनं करपलेली खळ धाग्याला डाग पाडते, हे एकीनं लिहिलं की दहा जणींचा ताणा वाचतो.

कुजण्याचीही नोंद करा. तयार वस्तूचा बोटभर तुकडा कुंडीत किंवा परसात, चार बोटं खोल पुरा आणि शेजारी खूण म्हणून काडी रोवा. दर आठवड्याला काढून बघा, तुकडा मोबाईलवर टिपा, परत पुरा. किती आठवड्यांनी मऊ झाला, कधी सापडेनासा झाला. असं चार गटांनी चार गावांत केलं, काळ्या मातीत, मुरमाड जमिनीत, पावसात आणि उन्हाळ्यात, तर तो कागद एखाद्या खरेदीदारापुढे ठेवता येतो. शेजारी बाजारातल्या ‘कुजणाऱ्या’ पिशवीचा तुकडा पुरा. मजा बघायला मिळेल.

आता एक अडचण. एक ताई मला म्हणाल्या, “बाई, सगळं लिहून दिलं तर दुसराच कुणी कारखाना काढेल ना?” प्रश्न खरा आहे. मला वाटतं दोन प्रकारचं ज्ञान वेगळं ठेवावं. चिंचोक्याची खळ, मेथीचा लगदा हे अख्ख्या मुलखाचं आहे. ते जितकं जास्त ठिकाणी, तारखेसकट छापलं जाईल तितकं बरं, म्हणजे कुणी एकट्याला ते ‘माझा शोध’ म्हणता येणार नाही. हळदीच्या बाबतीत छापलेलाच कागद कामी आला. पण तुमच्या घराण्यातली एखादी खास रंगाची कृती असेल, गटानं बरेच महिने खपून बसवलेलं प्रमाण असेल, तर ते उघड करायची घाई करू नका. वहीत लिहा, वही कपाटात ठेवा.

गावाच्या पातळीवर लिहायची जागाही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यात गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. ही कल्पना रुजवण्यात डॉ. माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा. गावात काय उगवतं, कोणाला त्याचं काय माहीत आहे, हे त्या वहीत यायला हवं. २००४ च्या नियमांत समितीच्या नेमलेल्या सदस्यांत किमान एक तृतीयांश महिला असाव्यात असं म्हटलं होतं. तुमच्या गावच्या समितीत कोणत्या महिला आहेत, माहीत आहे का? त्यांना माहीत आहे का, की त्या समितीत आहेत?

एवढं करा. ग्रामपंचायतीत जाऊन ती नोंदवही बघायला मागा. एकट्या जाऊ नका, गटानं जा. चिंचेचं पान उघडा आणि उपयोगाच्या जागी काय लिहिलंय ते वाचा. फळ, सावली, लाकूड एवढंच असेल, तर गटाच्या वहीतली खळीची नोंद, शिकवणाऱ्या आज्जीच्या पूर्ण नावासकट, लेखी अर्जाबरोबर समितीकडे द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय मात्र उठू नका.